फोटोंच्या फोल्डरची राखण

चि. भाचीस,


तुझा निरोप मिळाला. घोडेगावकडच्या एका कृषी पर्यटन केंद्राचं संकेतस्थळ तू तयार करते आहेस. मालकांनी तुला विचारलं, ‘पाव्हण्यांनी आमचे फोटो बघावेत, पण अख्खं फोल्डर उघडून चाळत बसू नये, असं काही करता येतं का?’ आणि तू मला विचारलंस, त्यासाठी कुठली ओळ लिहायची. ती ओळ मी सांगणारच आहे. ती लिहायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. पण ती लिहिली की काम संपलं असं तू समजू नयेस, म्हणून हे लांबलचक पत्र. जुन्नर-आंबेगावात आता तुझ्यासारखी कितीतरी पोरं-पोरी पतसंस्थांची, शाळांची, दवाखान्यांची, मंगल कार्यालयांची संकेतस्थळं बनवतात. तुमच्या हातात लोकांचे फोटो येतात आणि फोटोंच्या आडून लोकांचे कागदही येतात. त्यांची राखण करणं हे तुमच्या कामातलं पहिलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी सर्व्हर कसा वागतो ते समजून घे. ब्राउझरने एखाद्या फाइलचं नाव न घेता नुसत्या फोल्डरचा पत्ता मागितला, तर सर्व्हर त्या फोल्डरात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ किंवा ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ अशा नावाचं पान शोधतो. पान असेल तर ते दाखवतो. नसेल, आणि यादी देण्याची मुभा असेल, तर अपाचे सर्व्हर स्वतःच एक पान रचून देतो. वर ‘इंडेक्स ऑफ’ असं शीर्षक, खाली प्रत्येक फाइलचं नाव, तिच्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख, तिचा आकार, आणि एक पायरी वरच्या फोल्डरात जाण्याचा दुवा. हे काम अपाचेमधला ‘मॉड ऑटोइंडेक्स’ नावाचा भाग करतो.

ही सोय कुणी वाईट हेतूने केलेली नाही. १९९१ साली वेब लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा ते वापरणारे बहुतेक शास्त्रज्ञ आणि विद्यापीठांतले लोक होते. एकमेकांना फाइली देणं-घेणं हाच त्यांचा उद्देश होता. १९९५ मध्ये अपाचे आला, त्या काळातही फोल्डराची यादी आपोआप दिसणं हा सौजन्याचा भाग होता. जग बदललं, फोल्डरात येणाऱ्या वस्तू बदलल्या, पण सोय तशीच राहिली. लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांत आजही अपाचे बसवला की वेबच्या मुख्य फोल्डराला यादीची मुभा चालूच असते. ती बंद करायची जबाबदारी संकेतस्थळ बनवणाऱ्यावर येते. आणि शोधयंत्रांना ही यादी म्हणजे साधं पानच वाटतं. तिथला प्रत्येक दुवा ती उघडतात, नोंदवतात. ‘इंडेक्स ऑफ’ हे शीर्षक शोधून अशी उघडी फोल्डरं धुंडाळणारे लोक जगभर आहेत. आपल्या तालुक्यातलं एवढंसं संकेतस्थळ कोण बघतंय, हा समज म्हणूनच खोटा आहे. शोधणाऱ्याला गावाचं नाव माहीत असावं लागत नाही.

आता उपाय. संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरात ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाइल असते. नसेल तर तयार कर. तिच्यात एकच ओळ लिहायची: ‘ऑप्शन्स’, मग मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘इंडेक्सेस’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ती ओळ त्या फोल्डराला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांना लागू होते. यानंतर कुणी नुसता फोल्डरचा पत्ता मागितला तर त्याला ४०३ क्रमांकाचा नकार मिळतो. संकेतस्थळावरचे फोटो मात्र पूर्वीसारखेच दिसत राहतात, कारण ते नावानिशी मागितले जातात.

काही सर्व्हरांवर ‘अलाउ ओव्हरराइड’ या सेटिंगने ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल वाचणंच बंद ठेवलेलं असतं. तिथे तुझी ओळ असून नसल्यासारखी. काही ठिकाणी फाइल वाचली जाते, पण ही एक ओळ लिहायला परवानगी नसते. तिथे ५०० क्रमांकाची चूक दिसून अख्खं संकेतस्थळ बंद पडतं. घाबरू नकोस, ओळ काढ आणि होस्टिंगवाल्यांना मुख्य सेटिंगमध्ये बदल करायला सांग. तुझ्या ग्राहकांकडे बहुधा सीपॅनेल असेल. त्यात ‘इंडेक्सेस’ नावाचा विभाग आहे. तिथे फोल्डर निवडून यादी बंद करता येते, हाताने काही लिहावं लागत नाही. सर्व्हर ‘एंजिनएक्स’ असेल तर तो ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ वाचत नाही. त्याच्यात ‘ऑटोइंडेक्स’ मुळातच बंद असतं, पण आधी कुणी ते चालू करून ठेवलंय का, हे पाहायला हवं.

प्रत्येक फोल्डरात एक रिकामी इंडेक्स फाइल टाकून ठेवायची, असा एक जुना उपाय तुला पुष्कळ जण सांगतील. तो चालतो, पण त्याच्यावर विसंबू नये. वर्डप्रेसमध्ये प्लगइन आणि थीमच्या फोल्डरांत अशी फाइल आधीपासून असते. मात्र आपण चढवलेले फोटो जिथे जातात त्या ‘अपलोड्स’मध्ये ती येत नाही. शिवाय तिथे वर्षाचं आणि महिन्याचं वेगळं फोल्डर आपोआप तयार होतं. म्हणजे दर महिन्याला एक नवं फोल्डर उघडं पडणार. सर्व्हरलाच नकार द्यायला सांगणं हा त्यापेक्षा पक्का मार्ग.

ओळ लिहून झाली की तपास. संकेतस्थळावरच्या एखाद्या फोटोवर उजवी कळ दाबून त्याचा पत्ता घे, शेवटचं फाइलचं नाव पुसून टाक आणि उरलेला पत्ता उघड. नकार आला तर ठीक. मग आणखी एक पायरी वर जा, मग आणखी एक. वर्षाचं फोल्डर, महिन्याचं फोल्डर, जुन्या संकेतस्थळाचं विसरलेलं फोल्डर, सगळं बघ. ग्राहकाच्या देखतच बघ. त्याला ते एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

इथवर झालं ते यादीबद्दल. पण यादी बंद झाली म्हणून फाइल बंद होत नाही. ज्याला फाइलचा पूर्ण पत्ता माहीत आहे, किंवा अंदाजाने बांधता येतो, त्याला ती अजूनही मिळते. आणि अंदाज बांधणं अवघड नसतं. फोनमधले फोटो क्रमांकाने येतात. २०४१ आहे तर २०४२ही असणार. पाव्हण्यांच्या ओळखपत्रांना कुणी ‘आधार १’, ‘आधार २’ अशी नावं दिली असतील, तर एक पत्ता हाती लागलेला माणूस बाकीचे सगळे मिळवू शकतो. लांबलचक, अंदाज न येणारी नावं दिल्याने काम कठीण होतं. पण पत्ता कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो, कुणाच्या ब्राउझरच्या इतिहासात तो राहतो. नुसतं लपवलेलं कधीतरी सापडतं.

तू लहानपणापासून शिवनेरीवर जात आली आहेस. साखळीच्या वाटेने नव्हे, पायऱ्यांच्या वाटेने चढलं की सात दरवाजे लागतात: महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. पहिला दरवाजा पडला तरी गड पडू नये, म्हणून ही रचना. संकेतस्थळाची राखणही अशीच करायची असते. यादी बंद करणं हा त्यातला एक दरवाजा. त्याच्या मागे दुसरा हवा: खाजगी फाइल वेबच्या मुख्य फोल्डरात ठेवायचीच नाही. सीपॅनेलमध्ये ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचं फोल्डर दिसतं, त्याच्या आतलं सगळं जगासाठी. खाजगी ते त्याच्या बाहेर, एक पायरी वर. तिथपर्यंत ब्राउझरचा कुठलाच पत्ता पोचत नाही. मालकाला ती फाइल पाहायची असेल तर आधी लॉगिन तपासून मगच फाइल देणारा छोटा प्रोग्रॅम तिसरा दरवाजा झाला. क्लाउडवर ठेवत असशील तर फाइलचा कायमचा पत्ता देऊ नकोस. काही मिनिटांत निकामी होणारा, सही केलेला दुवा दे. चढवलेल्या फोल्डरात कुठलाही प्रोग्रॅम चालू शकणार नाही, अशी सोयही करून ठेव. नाहीतर फोटोच्या नावाखाली कुणी भलतंच काही चढवेल आणि सर्व्हर ते चालवून बसेल.

एवढ्या खबरदारीची खरंच गरज आहे का, असं ग्राहक विचारेल. त्याला महाराष्ट्रातलीच उदाहरणं सांग. २०१६ च्या डिसेंबरात उघडकीला आलं की मुंबईतल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर रुग्णांचे चाळीस हजारांहून अधिक तपासणी अहवाल कुणालाही उघडता येतील असे पडलेले होते. त्यांत एचआयव्हीच्या चाचण्यांचे अहवालही होते, नावांसकट. एखाद्या गावात असा एक अहवाल फुटला तर त्या घराचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट वैद्यकीय प्रतिमांची. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय या प्रतिमा ‘डायकॉम’ नावाच्या स्वरूपात साठवतात आणि त्यांच्यासाठी ‘पॅक्स’ नावाचे खास सर्व्हर असतात. या प्रतिमेच्या पोटातच रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालय, डॉक्टर अशी माहिती असते. जर्मनीतल्या ग्रीनबोन या कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले असे सर्व्हर तपासले. कित्येक सर्व्हर कुठल्याही कुलपाशिवाय इंटरनेटला जोडलेले निघाले. भारताची आकडेवारी २०२० च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत आली, तेव्हा सगळ्यात वर आपलं राज्य होतं: महाराष्ट्रातल्या ३ लाखांहून अधिक नोंदी आणि त्यांना जोडलेल्या सुमारे ६ कोटी ९८ लाख प्रतिमा. ज्यांच्या या प्रतिमा होत्या ती माणसं बेसावध नव्हती. ती आजारी होती, त्यांनी विश्वासाने आपलं शरीर यंत्रापुढे धरलं. सर्व्हर बसवणाऱ्याने एक सेटिंग पाहिलं नाही.

आणखी एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं, पण आपल्याला तंतोतंत लागू पडणारं. २०१६ च्या ऑक्टोबरात तिथल्या रेडक्रॉस रक्तसेवेच्या सुमारे साडेपाच लाख रक्तदात्यांची माहिती बाहेर गेली. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांच्या सर्व्हरवर माहितीची एक राखीव प्रत ठेवलेली होती आणि त्या सर्व्हरवर फोल्डराची यादी दाखवणं चालू होतं. यादीत ती फाइल कुणाच्या तरी नजरेला पडली, एवढंच. म्हणून सांगतो, फोटोंच्या फोल्डरात कधीही राखीव प्रत, झिप फाइल किंवा हिशेबाचा तक्ता ‘तात्पुरता’ टाकू नकोस. असल्या तात्पुरत्या फाइली वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात.

आता आपल्याकडे पाहू. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, शिवनेरी, पलीकडे भीमाशंकर. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक येतात, शेतावर राहतात, द्राक्षबागा बघतात, हुरडा खातात. केंद्रवाला आगाऊ नोंदणी घेतो आणि सोबत ओळखपत्राचा फोटो मागतो. तो फोटो कुठे जाऊन पडतो? बहुतेक वेळा जिथे हुरड्याचे आणि बैलगाडीचे फोटो पडतात त्याच फोल्डरात, कारण फॉर्म बनवणाऱ्याने वेगळी जागा ठरवलेलीच नसते. आधारचे पहिले क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज तो क्रमांक बँकेपासून रेशनपर्यंत सगळीकडे जोडलेला आहे. म्हणून मालकांना आधी हे विचार: हा फोटो ठेवायलाच हवा का? नुसतं पाहून नोंदवहीत लिहून भागत असेल तर घेऊच नका. घ्यायचाच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ मागा आणि पाव्हणे गेल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसून टाका. जी फाइल सर्व्हरवर नाही, ती कुणीही पळवू शकत नाही. राखणीचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पतसंस्थेचं काम आलं तर कर्जदाराचे सातबारा, सह्या, जामीनदाराचे फोटो येतील. आश्रमशाळेचं काम आलं तर मुलांचे फोटो आणि त्यांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती येतील. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आईबापांनी तो दाखला मिळवायला किती हेलपाटे घातलेले असतात ते तू पाहिलं आहेस. तो कागद अनोळखी माणसाच्या हाती पडू देणं म्हणजे त्यांच्या कष्टाचा अपमान आहे. मुलांच्या फोटोंना नाव आणि इयत्ता लिहिलेली फाइलनावं देऊ नकोस. स्नेहसंमेलनाचे दहा फोटो पानावर घालायचे असतील तर दहाच सर्व्हरवर चढव. उरलेले तीनशे शाळेच्या संगणकात राहू देत.

हे ‘उरलेले’ फोटो मला फार महत्त्वाचे वाटतात. संकेतस्थळावर जे दिसतं ते कुणीतरी विचार करून निवडलेलं असतं. फोल्डरात मात्र निवडलेलं आणि नाकारलेलं सगळंच असतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसं गेली. अशा प्रसंगी मदतीला गेलेल्यांच्या, नोंद ठेवणाऱ्यांच्या फोनमध्ये शेकडो फोटो जमतात. त्यांतले काही जगाला दाखवायलाच हवेत, नाहीतर मदत येत नाही. बाकीचे दाखवणं माणुसकीला धरून नसतं. संपादक ती निवड करतो आणि उघडं फोल्डर ती निवड मोडून टाकतं. एखाद्या दुर्घटनेचं, रुग्णालयाचं, अगदी अंत्यविधीचं काम तुझ्याकडे कधी आलं तर ही गोष्ट लक्षात ठेव.

आता बिबट्याच्या फोटोंचं. जुन्नर वनविभागात ऊस आणि बिबट्या यांचं नातं काय आहे ते जगाला माहीत आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्रही आहे. शेतात पिल्लं सापडली की कुणीतरी फोटो काढतो आणि तो कुठल्यातरी संकेतस्थळावर जातो. फोनने काढलेल्या फोटोत ‘एक्झिफ’ नावाची माहिती दडलेली असते: वेळ, फोनचा प्रकार आणि स्थानाची मुभा चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. म्हणजे फोटो नुसता बिबट्याचा राहत नाही, तो त्याच्या मुक्कामाचा पत्ता होतो. भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरूचं घरटं टिपलं तरी तेच. २०१३ साली पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्याची माहिती ज्या ईमेलवर यायची, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला. तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तो फसला आणि माहिती सांकेतिक स्वरूपात असल्याने हाती काही लागलंही नसतं. पण जनावराच्या ठावठिकाण्यावर कुणाची तरी नजर असते, एवढं त्यातून कळलं. म्हणून फोटो चढवण्याआधी एक्झिफ पुसण्याची सवय लाव. पर्यटन केंद्राचा पत्ता जगाला सांगायचाच असतो, पण तिथे राहून गेलेल्या कुटुंबाच्या घरचा सांगायचा नसतो. जंगलातला तर मुळीच नाही. मूळ मोठे फोटो आपल्याकडे ठेव, पानासाठी लहान केलेल्या प्रती चढव. पान लवकर उघडेल, आणि कुणी प्रत घेतलीच तर छापण्याजोगी मूळ फाइल त्याच्या हाती जाणार नाही.

काही उपाय लोक मोठ्या विश्वासाने सांगतात, त्यांपासून सावध राहा. पहिला ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’. १९९४ पासून चालत आलेला हा संकेत शोधयंत्रांना विनंती करतो की अमुक फोल्डरात येऊ नका. सभ्य यंत्रं ऐकतात. पण ती फाइल कुणालाही वाचता येते. तिच्यात ‘ओळखपत्रं’ नावाचं फोल्डर लिहिलंस तर लपवायच्या जागेचं नावच तू जाहीर केलंस. दुसरा, पानावर उजवी कळ बंद करणं. फोटो ज्याच्या पडद्यावर दिसला त्याच्या संगणकात तो पोचलेलाच असतो. उजवी कळ बंद करून सज्जन वाचकाची गैरसोय तेवढी होते. तिसरा, दुसऱ्या संकेतस्थळांना आपले फोटो थेट जोडू न देणं. तो बँडविड्थ वाचवायला चांगला आहे, पण तो प्रश्नच वेगळा.

राखणीबद्दल एवढं लिहिलं म्हणून सगळंच कडीकुलपात घालायला निघू नकोस. आपल्याच तालुक्यात, खोडदला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. तिथे जमलेली निरीक्षणं ठरलेल्या काळापर्यंत, ज्यांनी ती मागितली त्या शास्त्रज्ञांकडे राहतात आणि नंतर संग्रहातून सगळ्यांसाठी खुली होतात. मला ही पद्धत फार पटते. काय खुलं, कुणासाठी, कधीपासून, हे तिथे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेलं आहे. ग्रामपंचायतीचे ठराव, बाजारभावांचे जुने तक्ते, लेण्यांचे आणि शिलालेखांचे फोटो मोकळेपणाने उघडे ठेव, त्यांची नीट नावं दे, अभ्यासकांना सहज उतरवून घेता येतील अशी यादीही दे. यादी दाखवणं हा गुन्हा नाही. न ठरवता ती दिसत राहणं, ही चूक.

आता कायद्याबद्दल थोडं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ग्राहकाला दंडाची भीती घालून काम मिळवू नकोस. पण ही जबाबदारी त्याचीही आहे हे त्याला स्पष्ट सांग.

एखाद्या दिवशी तुझ्या जुन्या कामातलं एखादं फोल्डर उघडं सापडलं तर काय करायचं? आधी ते बंद कर. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे अ‍ॅक्सेस लॉग, जपून ठेव. कुणी काय उघडलं ते त्यातूनच कळतं. ग्राहकाला त्याच दिवशी सांग, लपवू नकोस. गुगलच्या सर्च कन्सोलमधून जुने पत्ते काढून टाकण्याची विनंती कर, कारण फोल्डर बंद झालं तरी शोधात त्याच्या खुणा काही काळ राहतात. माहिती बाहेर गेल्याचं दिसलं तर ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. २०२२ च्या निर्देशांनुसार ती मुदत सहा तासांची आहे. आणि दुसऱ्याचं फोल्डर उघडं दिसलं तर आत शिरून फाइली उतरवू नकोस, मित्रांना पत्ता पाठवू नकोस. मालकाला कळव. बिनपरवानगी माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, आणि आपल्या रीतीतही बसत नाही.

शेवटी कामाची एक गोष्ट. हे सगळं करायला वेळ लागतो आणि तुझ्या वेळेला मोल आहे. म्हणून दरपत्रकात ‘माहितीची सुरक्षा आणि वार्षिक तपासणी’ अशी वेगळी ओळ घाल आणि तिचे पैसे माग. कुणी म्हणेल, ती ओळ काढा आणि दर कमी करा. त्याला नम्रपणे सांग की ही ओळ निघणार नाही. लागलं तर पानाची सजावट कमी करू. एखादं काम त्यामुळे हातचं जाईल. जाऊ दे. नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठेत माणसाची पत हळूहळू बनते. ज्या पोरीकडे दिलेले कागद बाहेर जात नाहीत, तिच्याकडे लोक शोधत येतात. या आठवड्यात आधी आजवर केलेली सगळी संकेतस्थळं तपासून घे, मगच नव्या कामाला हात लाव. अडलं तर फोन कर, कितीही वाजता.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा